लिफ्ट केलेल्या जिप्सीचं स्टिअरिंग नाचतंय, खेचतंय, तिरकं आलंय? डँपर घ्यायच्या आधी हे बघा

गाडी दोन-तीन इंच उचलली, मोठे टायर घातले, दिसायला एकदम झकास, आणि मग पर्वरीच्या उतारावर साठ-सत्तरच्या स्पीडला एक खड्डा लागला आणि स्टिअरिंग हातातून सुटेल इतकं थडथडायला लागलं, की आजूबाजूचा प्रत्येकजण एकच सांगतो, स्टिअरिंग डँपर टाक, बसेल जागेवर. कृपा करून तसं करू नका. डँपर थडथड दाबून ठेवतो पण आतला ढिला जॉइंट तसाच झिजत राहतो आणि पुढच्या वेळी वॉबल (म्हणजे ही थडथड) येतो तो आणखी जोरात येतो. आधी ढिलं कुठे आहे ते शोधायचं, मग अँगल बघायचे, डँपर एकदम शेवटी. क्रम सोडला की पैसे जातात आणि दुखणं तिथेच राहतं.

हे मी मुख्यतः जिप्सीबद्दल लिहितोय, म्हणजे पुढे सॉलिड ॲक्सल (दोन्ही चाकांमध्ये एकच अखंड ॲक्सल) आणि पाटे. जुन्या महिंद्रा जीपलाही बरंच लागू पडतं. नव्या थारचं वेगळं आहे, ते खाली.

पहिलं म्हणजे तक्रार नीट ओळखा. ठराविक स्पीडला बारीक थरथर आणि त्याच्यावर गेलं की कमी होते, तर बहुतेक बॅलन्सिंग. आपल्याकडे पावसाळ्यात ट्रेल करून आलं की तांबडी माती रिमच्या आतल्या बाजूला चिकटून वाळते आणि तेवढ्यानेसुद्धा चाक हलतं, म्हणून गॅरेजला जायच्या आधी रिम आतून पाइप मारून धुवा, फुकटात काम होतं कधीकधी. गाडी रस्त्यावर भटकते, वळणानंतर स्टिअरिंग आपोआप परत येत नाही, तर कास्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला अँगल) कमी झालाय. प्रत्येक खड्ड्यात गाडी स्वतःहून बाजूला उडी मारते, तर ड्रॅग लिंकचा (स्टिअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचा) अँगल. गाडी सरळ जाते पण स्टिअरिंग तिरकं, तर फक्त ड्रॅग लिंकची लांबी. आणि खड्डा किंवा पुलाचा जॉइंट लागल्यावर अख्खा फ्रंट थडथडतो आणि स्पीड बराच कमी केल्याशिवाय थांबतच नाही, तो खरा डेथ वॉबल. तो आला तर स्टिअरिंग घट्ट धरा, ॲक्सिलरेटर सोडा, हळूहळू ब्रेक, बाजूला घ्या. नंतर "आता बरी चालतेय" म्हणून तशीच चालवत राहू नका.

आता ढिलं शोधायचं. गाडी जॅकवर घेऊ नका, चाकं जमिनीवरच पाहिजेत, वजन असल्याशिवाय प्ले, म्हणजे जॉइंटमधला सैल खेळ, दिसत नाही. गिअरमध्ये टाका, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा. एकाला स्टिअरिंगवर बसवा आणि डावी-उजवी थोडं थोडं, दहा-पंधरा अंश, सारखं हलवत राहायला सांगा. तुम्ही खाली जाऊन प्रत्येक जॉइंटवर हात ठेवा. डोळ्याला दिसत नाही तो खेळ बोटाला कळतो. स्टिअरिंग बॉक्सपासून सुरुवात करा: बॉक्सचे बोल्ट आणि चासीचा तो भाग, मोठ्या टायरमुळे तिथे क्रॅक जायची शक्यता असते, माती पुसून टॉर्चने बघा. मग पिटमन आर्म (बॉक्समधून निघून ड्रॅग लिंक ढकलणारा), ड्रॅग लिंकची दोन्ही टोकं, टायरॉड एंड (दोन्ही चाकं एकमेकांना जोडणाऱ्या दांड्याची टोकं). जॉइंटचा एक भाग हलतो आणि दुसरा जरा थांबून हलतो, म्हणजे तो गेला, बदला. पाट्यांचे आणि शॅकलचे (पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या हलत्या कडीचे) बुशही याच वेळी बघा, बुश गेले की अख्खा ॲक्सलच आडवा सरकतो आणि माणूस मात्र टायरॉडला दोष देत बसतो.

नंतर जॅक लावा, खाली स्टँड टाका, नुसत्या जॅकवर विश्वास नको. चाक वर आणि खाली धरून हलवा. खेळ असेल तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर व्हील बेअरिंग, तरीही राहिला तर किंगपिन, म्हणजे चाक ज्यावर डावी-उजवीकडे वळतं ती पिन.

किंगपिनवर जरा थांबतो, कारण जिप्सीच्या वॉबलचं मूळ बरेचदा इथेच असतं आणि गोव्यात तर जास्तच. कुळ्याकडे किंवा सत्तरीत व्हाळातून गाडी घातली की नकलच्या (किंगपिनवर वळणाऱ्या, चाक धरणाऱ्या भागाच्या) मागचा वायपर सील जुना असेल तर पाणी आत जातं, ग्रीस दुधासारखं पांढरट होतं आणि बेअरिंगला गंज धरतो. गाडी किनाऱ्याजवळ उभी राहत असेल तर खाऱ्या हवेने बाहेरचे जॉइंटही लवकर जातात, ते वेगळंच. एका बाजूला वर एक खाली एक, असे एकूण चार बेअरिंग असतात, ते चारही एकदम बदला, सोबत सील किट. दोन टाकून दोन ठेवले तर परत तेच काम. किंगपिनखाली शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) असतात, शिम काढला की बेअरिंग घट्ट होतं, वाढवला की सैल. टायरॉड सोडवून, वायपर सील न लावता, नकलच्या आर्मला स्प्रिंग काटा अडकवून ओढायचं आणि किती किलोला हलतं ते मॅन्युअलमधल्या आकड्याशी जुळवायचं. "हाताला बरं वाटतंय" यावर हे काम करणारा मेकॅनिक असेल तर दुसरा बघा.

ढिलं सगळं संपलं की मगच अँगल. टो, म्हणजे चाकं पुढून किती आत वळलेली आहेत ते, घरीच मोजता येतो: टायरच्या मधोमध खडूने खूण करा, ॲक्सलच्या उंचीवर पुढून टेपने अंतर घ्या, गाडी ढकलून तीच खूण मागे आणा आणि परत मोजा. पुढचं अंतर २ ते ४ मिलिमीटर कमी असलं की ठीक.

कास्टर स्टॉक जिप्सीला साडेतीन अंशांच्या आसपास असतो. जिप्सीत पुढच्या पाट्याचा शॅकल पुढच्या टोकाला आहे, म्हणून लांब शॅकल टाकून लिफ्ट केली की ॲक्सलचं डोकं पुढे झुकतं, कास्टर कमी होतो आणि गाडी भटकायला लागते. त्यावर उपाय म्हणजे पाटा आणि ॲक्सलच्या मध्ये वेज, म्हणजे पाचर. पाटा ॲक्सलच्या खाली असेल तर वेजची जाड बाजू पुढे, आणि पाटा ॲक्सलच्या वर घेतला असेल तर जाड बाजू मागे. हे उलटं बसलं तर होता तो कास्टरही जातो. वेज स्टीलचेच घ्या, ॲल्युमिनियमचे चेपतात. वेजने पिनियन (ॲक्सलचं प्रोपेलर शाफ्ट जोडलेलं तोंड) खाली जातो म्हणून अंश जास्त घेतले तर फोर व्हीलमध्ये पुढची प्रोपेलर शाफ्ट कुरकुरते, तेवढं लक्षात ठेवा.

ड्रॅग लिंक लिफ्टनंतर जास्त तिरका होतो, त्याला आडव्याच्या जितकं जवळ आणाल तितकी बंप स्टिअर (खड्ड्यात गाडी आपोआप वळणं) कमी. ड्रॉप (खाली उतरता) पिटमन आर्म किंवा नकलला वरून जोडणारा आर्म, दोन्ही चालतात. पण गॅसवर तापवून वाकवलेला किंवा वेल्डिंग केलेला ड्रॅग लिंक कोणी देत असेल तर तो मी कुणाच्याच गाडीत बसू देणार नाही, स्टिअरिंग तुटलं की ब्रेक काही वाचवत नाही.

स्टिअरिंग तिरकं आलं तर स्टिअरिंगचं चाक काढून सरळ बसवू नका. बॉक्स मधोमध सगळ्यात घट्ट असतो, म्हणून ड्रॅग लिंक सोडवून लॉक टू लॉक, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, स्टिअरिंगचे फेरे मोजा, बरोबर अर्ध्यावर बॉक्स ठेवा आणि मग लिंकची लांबी जुळवा.

२०२० नंतरच्या थारला पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन आहे, किंगपिन नाहीच. तिथे स्पेसरने उचललं की टो आणि कँबर (चाकाचा आत-बाहेर झुकाव) दोन्ही बदलतात, चाक फिरवणाऱ्या शाफ्टचे सीव्ही जॉइंट तिरके होतात, म्हणून लिफ्ट झाली त्याच दिवशी कॉम्प्युटर अलाइनमेंट करून प्रिंटआउट मागा. बॉल जॉइंट आणि टायरॉड एंडची तपासणी वरच्यासारखीच. लिफ्ट आणि टायर आरसीत बसतात का ते आरटीओकडे आधी विचारा, गाडीतल्या बदलांबद्दल मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे.

सगळं जुळलं की प्रत्येक कॅसल नटमध्ये नवीन कॉटर पिन टाका, जुनी सरळ करून परत घालू नका. टेस्ट ड्राइव्ह आधी गावातल्या मोकळ्या रस्त्यावर, चाळीसपर्यंत, मग हायवेला, लगेच चोर्ला घाटात नको. शंभर-दीडशे किलोमीटर झाले की यू-बोल्ट आणि व्हील नट परत टॉर्कने आवळा, नवीन पाटे बसतात तसे ते सैल होतात. एवढं करून गाडी हातात शांत राहिली तर आता डँपर टाका, मोठ्या टायरचे खड्ड्यातले झटके तो छान खातो.