वेस्ट केनेटच्या दफनटेकाडाला जाण्यापूर्वीची तयारी

इंग्लंडच्या विल्टशर परगण्यात, एव्हबरी गावाच्या दक्षिणेला सुमारे अडीच किलोमीटरवर, वेस्ट केनेट लाँग बॅरो हे नवाश्मयुगीन दफनटेकाड आहे. तिथे तिकीटखिडकी नाही, पहारेकरी नाही, वाटाड्या नाही, उपाहारगृह नाही आणि स्वच्छतागृहही नाही. दिवसाउजेडी कोणीही यावे, फुकट आत शिरावे आणि हवा तितका वेळ थांबावे, अशी मोकळीक आहे. स्टोनहेंजला माहिती देणाऱ्या केंद्रापासून बसपर्यंत सगळी सोय तयार असते, पण एरवीच्या वेळी दगड मात्र दुरूनच पाहावे लागतात. इथे उलट आहे: सोय काहीच नाही आणि साडेपाच हजार वर्षांपूर्वीच्या दालनात उभे राहून दगडाला हात लावता येतो. त्यामुळे या सहलीची तयारी जवळजवळ सगळी घरीच करावी लागते, आणि ती बुटांपासून नव्हे, तर वाचनापासून सुरू करावी.

निदान पुढील गोष्टी मनात पक्क्या करून निघावे. हे टेकाड इसवी सनापूर्वी ३६५०च्या सुमारास रचले गेले, म्हणजे गिझाच्या मोठ्या पिरॅमिडपेक्षा आणि स्टोनहेंजच्या उंच शिळांपेक्षा ते सुमारे हजार वर्षांनी जुने आहे. त्याची लांबी जवळजवळ १०० मीटर आहे, परंतु पोकळ आहे ते केवळ पूर्वेकडचे टोक: तिथून सुमारे १२ मीटरचा एक बोळ आत जातो, त्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन आणि शेवटी एक, अशी पाच दालने आहेत, आणि बाकीचे सारे टेकाड भरीव आहे. हे प्रमाण आधी ठाऊक नसले, तर इतक्या लांब टेकडीच्या पोटात एवढेच का, अशी निराशा पदरी येते. या दालनांत किमान ३६ जणांचे अवशेष मिळाले आणि त्यांत स्त्रिया, पुरुष, मुले असे सगळेच होते. पुष्कळ शतके इथे पिढ्यान्‌पिढ्या मृतांना आणून ठेवत असावेत, असे पूर्वी मानले जाई. मात्र २००७ साली प्रसिद्ध झालेल्या रेडिओकार्बन कालमापनाने हे चित्र पालटले. मूळची दफने जेमतेम एका पिढीच्या काळात, साधारण तीसेक वर्षांत आटोपली होती. त्यानंतर पुष्कळ शतके दालनांत खडूचा चुरा, माती, फुटकी भांडी आणि हाडे यांची भर पडत राहिली आणि अखेरीस तोंडाशी प्रचंड शिळा उभ्या करून वाट बंद करण्यात आली. म्हणजे आपण जी जागा पाहायला जातो, तिचा स्मशान म्हणून उपयोग थोडा काळ झाला आणि स्मृतिस्थान म्हणून फार मोठा काळ, हे ध्यानात ठेवून गेल्यास तिथला प्रत्येक दगड निराळा दिसतो.

उत्खननाचा इतिहासही थोडक्यात वाचून ठेवावा. १८५९ साली जॉन थर्नम यांनी बोळाचा काही भाग आणि शेवटचे पश्चिमेकडील दालन उकरले. ते डिव्हायझेस येथील मनोरुग्णालयाचे वैद्यकीय अधीक्षक होते आणि प्राचीन कवट्यांचा अभ्यास हा त्यांचा ध्यास होता. बाजूची चार दालने त्यांच्या लक्षात आली नाहीत, आणि हे एका अर्थी बरेच झाले, कारण १९५५-५६ मध्ये स्टुअर्ट पिगट आणि रिचर्ड अ‍ॅटकिन्सन या पुरातत्त्वज्ञांना ती जवळजवळ जशीच्या तशी मिळाली. पिगट हे नाव भारतीय वाचकाला अगदीच परके नसावे: दुसऱ्या महायुद्धात हवाई छायाचित्रांच्या वाचनाच्या कामावर ते भारतात होते, आणि पुढे भारताच्या प्रागितिहासावर त्यांनी पुस्तकही लिहिले. उत्खननानंतर टेकाडाची डागडुजी झाली, पडलेल्या काही शिळा पुन्हा उभ्या केल्या गेल्या आणि छतात उजेडासाठी काचा बसवल्या गेल्या. म्हणून आत गेल्यावर जुने कोणते आणि १९५०च्या दशकातले कोणते, हे वेगळे करता यावे इतकी माहिती सोबत असावी. विदर्भात नागपूरजवळ जुनापाणीची शिळावर्तुळे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांनी ती तुलना मनात आणण्यास हरकत नाही. मात्र ती वर्तुळे लोहयुगातली, वेस्ट केनेटहून काही हजार वर्षांनी अलीकडची आहेत, आणि दोन्हींमध्ये कसलेही नाते गृहीत धरू नये.

वाचनानंतर संग्रहालय, आणि तेही टेकाड पाहण्याच्या आधी. या क्रमाबद्दल माझे मत ठाम आहे. दालने आज पूर्णपणे रिकामी आहेत. तिथली भांडी, मणी आणि गारेची हत्यारे डिव्हायझेसच्या विल्टशर म्युझियममध्ये आहेत. बहुतेक लोक आधी टेकाड पाहतात आणि वेळ उरलाच तर संग्रहालयाकडे वळतात, आणि वेळ सहसा उरत नाही. त्याऐवजी सकाळी डिव्हायझेस, दुपारी वेस्ट केनेट असा बेत आखला, तर रिकाम्या कोनाड्यात काय होते ते डोळ्यांपुढे असते. संग्रहालयाच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, म्हणून त्या आदल्या दिवशी पाहून घ्याव्यात. एव्हबरी गावातले अलेक्झांडर केलर म्युझियम वेगळे. ते एव्हबरीचे शिळावर्तुळ आणि विंडमिल हिल हे जवळचे नवाश्मयुगीन स्थळ यांच्यासाठी पाहावे.

दिवस निवडताना उजेडाचा हिशेब करावा. डिसेंबरात इथे दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो, तर जूनमध्ये रात्री नऊनंतरही उजेड असतो. भारतातून नुकत्याच आलेल्या माणसाचा हा अंदाज हमखास चुकतो. टेकाडाचे तोंड पूर्वेला असल्यामुळे आतला दगड नीट दिसायला सकाळची वेळ सर्वांत चांगली, मात्र संग्रहालय आधी पाहायचे तर ते साधत नाही. ज्यांना छायाचित्रे महत्त्वाची वाटतात त्यांनी डिव्हायझेस किंवा मार्लबरो येथे एक रात्र मुक्काम करावा आणि संग्रहालय आदल्या दिवशीच उरकावे. उन्हाळी आणि हिवाळी अयनदिनांच्या आसपास एव्हबरी परिसरात निसर्गपूजक पंथांचे लोक मोठ्या संख्येने जमतात. तो सोहळा पाहायचा असेल तर जरूर जावे, पण शांतपणे दालने पाहायची असतील तर ते दिवस टाळावेत.

लंडनहून जाणाऱ्यांनी पॅडिंग्टन स्थानकावरून स्विंडनची आगगाडी पकडावी. प्रवास सुमारे एक तासाचा आहे. स्विंडनहून डिव्हायझेसमार्गे ट्रोब्रिजला जाणारी ४९ क्रमांकाची बस एव्हबरीत थांबते, त्यामुळे संग्रहालय आणि टेकाड ही दोन्ही ठिकाणे एकाच बसमार्गावर साधतात. बसचे वेळापत्रक, विशेषतः रविवारचे आणि परतीच्या शेवटच्या बसचे, निघण्यापूर्वी कागदावर उतरवून घ्यावे, कारण त्या भागात मोबाइलला रेंज मिळेलच याची खात्री नसते. मोटारीने येणाऱ्यांसाठी ए-४ या हमरस्त्याच्या कडेला पायवाटेजवळच गाडी थांबवण्याची छोटीशी जागा आहे. ती लवकर भरते, आणि गाडीत सामान दिसेल असे ठेवू नये. एव्हबरीहून पायी येणाऱ्यांना हाच ए-४ ओलांडावा लागतो. तिथे वाहने भरधाव येतात, तेव्हा मुलांचा हात धरूनच पलीकडे जावे. पायी भटकण्याचा बेत असेल तर ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या नकाशासंस्थेचा एक्सप्लोरर मालिकेतील १५७ क्रमांकाचा नकाशा घ्यावा. त्यात पायवाटा, ओढे आणि आसपासची टेकाडे सगळी दाखवलेली आहेत.

पायवाट हमरस्त्यापासून सुमारे ८०० मीटरची आहे. आधी केनेट नदीचा लहानसा प्रवाह ओलांडायचा, मग शेताच्या कडेने हळूहळू चढत जायचे. केनेटचा हा वरचा भाग उन्हाळ्याच्या शेवटी कोरडा पडतो आणि हिवाळा संपता संपता इतका भरतो की काठचे कुरणही पाण्याखाली जाते. म्हणून जानेवारी ते मार्च या काळात जाणाऱ्यांनी घोट्याच्या वर येणारे, पाणी न शिरणारे बूट घालावेत. इथली जमीन खडूची आहे. पावसानंतर तिचा पांढरट चिखल होतो, तो तळव्याला थरावर थर चिकटत जातो आणि खाली कोरडा खडू लागला तरी पाय घसरतो. त्यामुळे गुळगुळीत तळव्याचे बूट, चपला आणि सॅंडल घरीच ठेवाव्यात. चढावर झाडाचा आडोसा नाही आणि वारा सतत असतो. छत्री तिथे उलटी होते, म्हणून टोपी असलेले जलरोधक जाकीट बरे. साडी नेसणाऱ्या ज्येष्ठ स्त्रियांनी त्या दिवसापुरता सलवार-कुडता घालावा, असे मी आग्रहाने सुचवेन. फाटकांतून ये-जा करताना आणि चिखलातून चढताना काठ सांभाळणे जिकिरीचे होते.

पाठीवरच्या पिशवीत प्यायचे पाणी, खाण्याचा डबा, छोटी विजेरी आणि कचरा परत आणण्यासाठी एक पिशवी असावी. शाकाहारी मंडळींनी धपाटे किंवा पोळीभाजी सोबत घेतलेली बरी, कारण वाटेत काहीच मिळत नाही आणि एव्हबरीत पर्याय मोजकेच आहेत. स्वच्छतागृहाचा उपयोगही एव्हबरीतच करून घ्यावा. विजेरी मात्र विसरू नये. छतातल्या काचांमधून येणारा उजेड बोळापुरता ठीक असतो, पण बाजूच्या दालनांत दगडाच्या पृष्ठभागाचे बारकावे दिसण्यासाठी कडेने, तिरपा उजेड टाकावा लागतो, आणि मोबाइलचा उजेड समोरून पडत असल्याने सगळे सपाट दिसते.

तोंडाशी पोचल्यावर सरळ आत घुसू नये. समोर दिसणाऱ्या प्रचंड शिळा म्हणजे दार नव्हे, तर वाट बंद करणारी शेवटची भिंत आहे. त्यांना वळसा घालून मागे गेल्यावर बोळाचे खरे तोंड दिसते. या शिळा सार्सन नावाच्या कठीण वालुकाश्माच्या आहेत आणि तो दगड याच परिसरातला आहे. आत शिरल्यावर मात्र दोन मोठ्या शिळांच्या मधल्या फटींकडे पाहावे. तिथे चपटे, पातळ चुनखडीचे दगड चुन्याशिवाय एकावर एक रचून फटी बुजवल्या आहेत. ही चुनखडी इथली नव्हे, ती पश्चिमेकडून कित्येक मैलांवरून आणलेली आहे. पायाखाली गारेचे दगड असताना एवढ्या लांबून केवळ सांधे भरण्यासाठी दगड वाहून आणणारे लोक कोण असतील, याचा विचार करायला आत पुरेसा वेळ असतो. ईशान्येकडील दालनात एका वृद्ध पुरुषाचा सांगाडा मिळाला होता आणि त्याच्या गळ्याजवळ गारेचे बाणाचे टोक होते. प्रवेश केल्यावर उजव्या हाताचे पहिले दालन ते हेच. कवट्या आणि लांब हाडे अपेक्षेपेक्षा कमी मिळाली, त्यावरून ती पूर्वीच कोणी मुद्दाम बाहेर नेली असावीत, असा अभ्यासकांचा तर्क आहे.

घरातल्या वडीलधाऱ्यांना बरोबर न्यायचे असेल, तर एक विषय आधीच बोलून घ्यावा. मृतांच्या जागेत शिरावे की नाही, नंतर आंघोळ करावी का, असे प्रश्न सासूबाई किंवा मामा दालनाच्या तोंडाशी विचारतात, आणि तिथे घाईत दिलेल्या उत्तराने कोणाचेच समाधान होत नाही. आत आता एकही अस्थी नाही, हे घरीच सांगून ठेवावे, आणि तरीही कोणाला बाहेर थांबायचे असेल तर थांबू द्यावे. बाहेरून सिल्बरी हिल या मानवनिर्मित टेकडीचे दृश्य उत्तम दिसते. चढ तीव्र नसला तरी वाटेत बसायला बाक नाही, म्हणून गुडघेदुखी असलेल्यांनी काठी घ्यावी. चाकाच्या खुर्चीसाठी ही वाट योग्य नाही. लहान मुलांना अंधाराची कल्पना आधी द्यावी आणि शिळांवर चढायचे नाही हेही बजावावे.

आतल्या वागण्याचे नियम फार नाहीत, पण जे आहेत ते काटेकोर पाळावेत. मेणबत्ती, पणती, उदबत्ती यांपैकी काहीही पेटवू नये. मेणाचे ओघळ आणि काजळी दगडावरून सहज निघत नाहीत, आणि तापल्याने दगडाला इजा होते. कोनाड्यांत कोणी फुले, धान्य, रंगीत फिती ठेवलेल्या आढळतील. त्या उचलू नयेत आणि त्यांत आपली भर घालू नये. कोणी डोळे मिटून बसलेले असेल तर त्यांचे होईपर्यंत बाहेर थांबावे, कारण बोळात दोन माणसे एकमेकांना ओलांडतानाही अडचण होते. गारेचा तुकडा आठवण म्हणून खिशात घालू नये. संरक्षित स्मारकावर परवानगीशिवाय धातुशोधक यंत्र वापरणे हा तर इंग्लंडच्या १९७९च्या कायद्यानुसार गुन्हाच आहे. शेतातून जाताना पिकात पाऊल न टाकता वाटेनेच चालावे आणि उघडलेले प्रत्येक फाटक मागे लावावे.

उरलेल्या वेळात काय पाहायचे तेही आधी ठरवावे. हमरस्त्यापलीकडची सिल्बरी हिल ही इसवी सनापूर्वी २४००च्या सुमारास माणसांनी रचलेली टेकडी आहे. तिच्यावर चढण्यास मनाई असून ती रस्त्याकडेच्या जागेवरूनच पाहावी. ईस्ट केनेटचे लांब टेकाड झाडांनी झाकलेले आणि खाजगी जमिनीत आहे, तेव्हा ते नकाशावर ओळखून दुरूनच पाहिले तरी पुरे. ओव्हर्टन हिलवरची सँक्च्युअरी, म्हणजे खांब आणि शिळांच्या प्राचीन वर्तुळांची जागा, पायी गाठता येते, पण तिथे मूळचे खांब आणि शिळा उरलेल्या नाहीत, त्यांच्या जागा दाखवणाऱ्या काँक्रीटच्या खुणा आहेत. वेळ कमी असेल तर ती वगळून थेट एव्हबरीच्या शिळावर्तुळाकडे वळावे. वर्तुळ पायी फिरायला किमान दीड तास राखून ठेवावा, आणि बसने आलेल्यांनी तो दीड तास स्विंडनच्या शेवटच्या बसच्या वेळेपासून मागे मोजून टेकाडावरून खाली उतरावे.