माडाची उंची न चढता: टॅनचा हिशेब आणि तो कुठे चुकतो

काटकोन त्रिकोणात एक बाजू आणि एक लघुकोन कळला की बाकीचं सगळं निघतं. बरेच जण अडतात ते कोणतं गुणोत्तर घ्यायचं इथे. आधी कच्ची आकृती काढा आणि माहीत असलेल्या कोनावर खूण करा. काटकोनासमोर असतो तो कर्ण, खुणेच्या समोरची ती संमुख बाजू, खुणेला चिकटलेली दुसरी ती लगतची. आता दिलेली बाजू आणि हवी असलेली बाजू एवढ्या दोनच पाहा. त्यांत कर्ण नसेल तर टॅन (संमुख ÷ लगतची), कर्ण आणि संमुख असेल तर साइन (संमुख ÷ कर्ण), कर्ण आणि लगतची असेल तर कोसाइन (लगतची ÷ कर्ण).

५ मीटरची शिडी जमिनीशी ७५° कोनात लावली, तर शिडी हाच कर्ण. भिंतीवर ती ५ × साइन ७५° = ४.८३ मीटर उंच टेकते, आणि तिचा पाय भिंतीपासून ५ × कोसाइन ७५° = १.२९ मीटरवर येतो.

माडाच्या उंचीसाठी साधा कोनमापक पुरतो. त्याच्या सरळ कडेला स्ट्रॉ चिकटवा, मध्यबिंदूतून दोरा ओवून खाली एखादा नट बांधा. गोल बाजू खाली ठेवून स्ट्रॉमधून शेंडा पाहा, दोरा स्थिर होऊ द्या आणि दुसऱ्या कोणाला तरी आकडा वाचायला सांगा. स्ट्रॉ आडवी असताना दोरा ९०° वर असतो, म्हणून उन्नत कोन, म्हणजे वर पाहताना नजर आडव्या रेषेशी करते तो कोन, हा ९० आणि वाचलेला आकडा यांतला फरक. दोरा ५५° वर आला तर कोन ३५°. हे विसरून ५५°च वापरलात तर उंची दुपटीच्या आसपास जाते.

सपाट जमिनीवर २० मीटर अंतरावरून कोन ३५° आला, डोळ्यांची उंची १.५ मीटर. टॅन ३५° = ०.७००२, म्हणून २० × ०.७००२ = १४.० मीटर. त्यात १.५ मिळवा: १५.५ मीटर. डोळ्यांची उंची मिळवायची राहून जाणं ही नेहमीची चूक आहे.

त्याहून फसवी चूक कॅल्क्युलेटरची. तो अंशांऐवजी रेडियनवर (कोन मोजायचं दुसरं एकक) राहिला तर टॅन ३५ म्हणून ०.४७३८ दाखवतो आणि उंची येते ११ मीटर. आकडा पटण्यासारखा असल्यामुळे संशयही येत नाही. सुरुवातीलाच टॅन ४५ दाबून पाहा, १ आलं तरच पुढे जा.

माड कललेला असेल तर अंतर बुंध्यापासून मोजू नका. शेंड्याच्या बरोबर खाली जमिनीवर जो बिंदू येतो, तिथून मोजा. उभं राहायची जागाही विचारपूर्वक निवडा. वरच्या उदाहरणात कोन १° चुकला तर उंचीत अर्ध्या मीटरचा फरक पडतो. तोच माड ५ मीटरवरून, म्हणजे सुमारे ७०° कोनात पाहिला, तर तेवढ्याच चुकीने फरक ०.८ मीटर होतो. कोन ४५°च्या जवळ येईल एवढं मागे सरकणं सर्वांत चांगलं.

बुंध्यापर्यंत जाताच येत नसेल, समजा मध्ये ओढा आहे, तर दोन ठिकाणांहून कोन घ्या. जवळच्या जागी ४२°, तिथून त्याच सरळ रेषेत १५ मीटर मागे २८°. जवळचं अंतर क्ष धरलं तर

क्ष × ०.९००४ = (क्ष + १५) × ०.५३१७

यावरून क्ष = २१.६ मीटर आणि डोळ्यांच्या पातळीपासून उंची १९.५ मीटर. पण या पद्धतीत २८° ऐवजी २९° वाचलं गेलं तर उंची थेट २१.६ मीटर येते, दोन मीटरांहून जास्त फरक. म्हणून इथे प्रत्येक कोन किमान तीनदा वाचून सरासरी घ्या, आणि दोन्ही जागी पाहणारा माणूस एकच ठेवा.