घरच्या कॉम्प्युटरवरची गाणी मोबाईलवर वाजत नाहीत? या चुका टाळा

कॉम्प्युटरवर वर्षानुवर्षं जमवलेली गाणी पडून असतात, मोबाईलमध्ये तेवढी जागा नसते, मग कोणीतरी सांगतं की कॉम्प्युटरवर नॅव्हिड्रोम टाक नाहीतर जेलीफिन टाक (कॉम्प्युटरला सर्व्हर बनवून त्यावरची गाणी मोबाईलवर ऐकवणारे प्रोग्राम), फुकट आहे, अर्ध्या तासात होतं. आणि खरंच होतं. पण मोबाईलवर ॲप उघडलं आणि सर्व्हर सापडत नाही असा मेसेज आला की बहुतेक जण ते ॲप काढतात, परत टाकतात, नाही जमलं की दुसरं ॲप, मग तिसरं, आणि अख्खी संध्याकाळ त्यातच जाते. पहिली आणि सगळ्यात मोठी चूक हीच. आधी ॲप बाजूला ठेवा, मोबाईल घरच्या वायफायवर घ्या आणि मोबाईलच्या ब्राउझरमध्ये सर्व्हरचा पत्ता टाकून बघा. पान उघडलं तर घोळ ॲपच्या सेटिंगमध्ये आहे, नाही उघडलं तर कॉम्प्युटर नाहीतर राउटर. एका मिनिटात अर्धा शोध संपतो.

आता पत्ता कोणता टाकायचा, इथेच खूप जण अडकतात. कॉम्प्युटरवर लोकलहोस्ट लिहून पान उघडलेलं असतं म्हणून मोबाईलमध्येही लोकलहोस्टच लिहितात. लोकलहोस्ट म्हणजे १२७.०.०.१, म्हणजे "मी स्वतः", त्यामुळे मोबाईल स्वतःच्याच आत सर्व्हर शोधत बसतो. तुम्हाला हवा कॉम्प्युटरचा घरातला आयपी (नेटवर्कवरचा आकडी पत्ता), बहुतेक घरांत १९२.१६८ ने सुरू होणारा, आणि पुढे पोर्ट, म्हणजे त्या प्रोग्रामच्या दाराचा नंबर: नॅव्हिड्रोमचा ४५३३, जेलीफिनचा ८०९६ (बदलला नसेल तर). आणि सुरुवातीला एचटीटीपी आहे का एचटीटीपीएस (कुलूपबंद जोडणी) हे डोळ्याने नीट बघा, कारण काही ॲप आपणहून एस लावतात आणि घरातल्या साध्या सर्व्हरवर त्यासाठी लागणारं सर्टिफिकेट नसतं, मग जोडलंच जात नाही.

काल चाललं आणि आज नाही? मग राउटरने कॉम्प्युटरला नवा आयपी दिलाय का ते बघा. राउटरच्या डीएचसीपी (आयपी वाटण्याच्या) सेटिंगमध्ये त्या कॉम्प्युटरसाठी आयपी राखून ठेवा, विषय संपला.

पत्ता बरोबर असूनही पान उघडत नसेल तर फायरवॉल बघा, म्हणजे कॉम्प्युटरचा पहारेकरी. विंडोजवर घरचं वायफाय बऱ्याचदा "पब्लिक" म्हणून नोंदलेलं असतं आणि मग बाहेरून येणारं कनेक्शन अडवलं जातं. लोक वैतागून अख्खी फायरवॉलच बंद करून टाकतात, ते कृपा करून करू नका, नेटवर्क "प्रायव्हेट" करा आणि फक्त त्या एका प्रोग्रामला परवानगी द्या. मोबाईल गेस्ट वायफायवर नाही ना हेही बघा, गेस्ट नेटवर्कवरच्या डिव्हाइसना घरातली बाकीची मशीन सहसा दिसत नाहीत.

गाणी सुरू होतात पण मधेच थांबतात, हा प्रकार मला स्वतःला दोन दिवस छळून गेला. रोज साधारण अर्ध्या तासाने गाणं गप्प. मी वायफायला दोष देत राउटर हलवला, चॅनेल बदलला, सगळं केलं, आणि शेवटी पाणी प्यायला उठलो तेव्हा टेबलावर लॅपटॉपचा दिवा हळूहळू लुकलुकताना दिसला, म्हणजे साहेब झोपलेले! पॉवर सेटिंगमध्ये चार्जरवर असताना स्लीप "कधीच नाही" केलं, झाकण लावल्यावर काही करू नको असं सांगितलं, स्क्रीन बंद व्हायला हरकत नाही. तेव्हापासून एकदाही थांबलं नाही. पण मोबाईलची स्क्रीन बंद केल्यावरच गाणं थांबत असेल तर कॉम्प्युटरला हात लावू नका, अँड्रॉइड बॅटरी वाचवायला ॲप मारतंय, त्या ॲपचं बॅटरीचं बंधन काढा.

घराबाहेरून ऐकायचं म्हटलं की लोक राउटरमध्ये पोर्ट उघडतात. मला हे अजिबात पटत नाही. उघडे पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्राम इंटरनेटवर सतत चालू असतात, आणि साध्या एचटीटीपीवर तुमचा लॉगिन उघडाच जातो. शिवाय राउटरचा बाहेरचा आयपी १००.६४ ते १००.१२७ यातला असेल तर इंटरनेट कंपनीने एकच पत्ता बऱ्याच ग्राहकांत वाटलेला आहे, तिथे पोर्ट उघडून काहीही होणार नाही, उगाच डोकं फोडू नका. त्यापेक्षा टेलस्केल किंवा वायरगार्ड लावा, हे तुमच्याच डिव्हाइसमध्ये खाजगी जोडणी करणारे प्रोग्राम. टेलस्केल कॉम्प्युटर आणि मोबाईल दोन्हीवर टाकायचं, दोन्हीकडे चालू ठेवायचं, आणि ॲपमध्ये टेलस्केलने दिलेला पत्ता भरायचा. तोही १०० नेच सुरू होतो, त्यामुळे वरच्याशी गोंधळ करू नका. हाच पत्ता घरातही चालतो, दोन-दोन ठेवायची गरज नाही.

बाहेर गाणं अडखळत असेल तर मोबाईलचं डाउनलोड स्पीड मोजून उपयोग नाही, घरच्या कनेक्शनचा अपलोड बघा, कारण गाणं घरातून बाहेर जातंय. फ्लॅक (आवाजाचा दर्जा न घटवणारी) फाईल साधारण ९०० केबीपीएसने जाते, म्हणजे तासाला ४०० एमबी. ३२० केबीपीएसची एमपीथ्री तासाला १४४ एमबी, आणि १२८ च्या ओपसला (फाईलचा आणखी एक छोटा प्रकार) ५८ च्या आसपास. ॲपमध्ये वायफायवर ओरिजिनल आणि मोबाईल डेटावर १२८ ओपस असं ठेवा, चालता फिरता इयरफोनवर मला तरी फरक कळत नाही. गाण्याचा हा प्रकार बदलण्याचं काम एफएफएमपेग नावाचं टूल करतं, नॅव्हिड्रोमला ते सापडलं नाही तर सेटिंग करूनही काही होत नाही.

आणि टॅग. नॅव्हिड्रोम फोल्डरची नावं नाही, फाईलच्या आतले टॅग (गाणं, गायक, अल्बम यांची फाईलमध्येच लिहिलेली नावं) बघतो. अल्बम आर्टिस्ट रिकामा असेल तर दहा गायकांच्या एका अल्बमचे तुकडे होऊ शकतात, आणि एकाच गायिकेचं नाव काही फाईलीत देवनागरी, काहीत रोमन असेल तर यादीत ती दोनदा दिसते. पिकार्ड किंवा एमपीथ्रीटॅग या टॅग बदलणाऱ्या प्रोग्रामने हे दुरुस्त होतं, फक्त आधी गाण्यांची एक कॉपी दुसऱ्या डिस्कवर काढा आणि एकाच अल्बमवर करून बघा, सगळी लायब्ररी एकदम निवडून सेव्ह दाबलं तर चुकलेलं परत आणणं फार जड जातं.

सगळं लावून झालं की घरात बसूनच मोबाईलचं वायफाय बंद करा, डेटावर एक गाणं लावा, स्क्रीन बंद करा आणि पूर्ण अल्बम संपेपर्यंत वाजू द्या.