थंडीत राहायला मोटरहोम, म्हणजे आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, घेताय? मग या चुका टाळा

बेळगावात डिसेंबरात पारा 12-13 वर आला की आपण कानटोप्या काढतो, आणि तेवढ्या थंडीत गाडी छान उबदार वाटली म्हणून काहीजण थेट हिमाचलातल्या स्पितीत हिवाळा काढायचे बेत करतात. तिथल्या काझा गावात जानेवारीत रात्री उणे 20 सुद्धा होतं, तिथलं गणितच वेगळं आहे.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे बॉडीवाल्याला, म्हणजे गाडी आतून बांधून देणाऱ्याला, फक्त 'किती एमएम इन्सुलेशन (ऊब अडवणारा थर) घातलंय' एवढंच विचारणं. तो सांगतो 25, नाहीतर 40, आपण खूश. पण ट्रॅव्हलरसारख्या पत्र्याच्या गाडीत आतून लोखंडी फ्रेम असते, मधल्या खणांत फोम भरतात आणि फ्रेमवर तसाच प्लाय ठोकून मोकळे होतात, आता लोखंडातून उष्णता फोमच्या हजारपटीहून जास्त वेगानं जाते म्हटल्यावर सगळी ऊब तिथनंच बाहेर पळते की. हे पकडायला हिमालयात जायची गरज नाही. एप्रिलच्या भर दुपारी गाडी उन्हात लावा, एसी बंद ठेवा आणि आतल्या भिंतीवरनं तळहात फिरवा. पट्ट्यापट्ट्यानं गरम लागलं तर फ्रेम उघडी आहे असं समजा. फ्रेमवरसुद्धा नायट्राइल रबर नाहीतर एक्सएलपीई (पॉलिथिनचा एक प्रकार) फोमचा थर पाहिजे, पातळ का असेना.

चंदेरी बबल शीट पत्र्याला चिकटवून 'इन्सुलेशन झालं' म्हणणारेही भेटतील. त्या शीटच्या पुढं हवेची फट असेल तरच चंदेरी बाजूचा उपयोग, नाहीतर ती नुसती पातळ प्लॅस्टिकची शीट. ग्लासवूल, म्हणजे काचेच्या तंतूंची लोकर, तर गाडीत नकोच असं माझं मत, रस्त्याच्या हादऱ्यानं खाली बसतं आणि ओल धरलं की गेलं.

ओलीचा विषय कोण मनावर घेत नाही. दोन माणसं रात्रभर झोपली की श्वासातून, घामातून अर्धा लिटरपेक्षा जास्त पाणी हवेत जातं, वर सकाळी भाताचा कुकर. हे पाणी थंड पत्र्यावर जाऊन साचतं आणि प्लायच्या मागं बुरशी धरते. भिंतीला पाणी सुटतंय म्हणून लोक अजून फोम चिकटवतात आणि व्हेंट (हवा जायची खिडकी) पण बंद करतात, म्हणजे उलटं औषध. छतावरचा व्हेंट थंडीतही बोटभर उघडा ठेवा, गादीखाली पट्ट्यांचा पलंग करा म्हणजे खालून हवा खेळते. आणि ऊब पाहिजे म्हणून आत शेगडी पेटवून झोपू नका, तिच्यातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बाहेरून हवा घेऊन बाहेरच धूर सोडणारा डिझेल हीटर बसवा, सोबत या वायूचा अलार्म पण.

खिडक्यांना साधी एकेरी काच असेल तर भिंतीचा खर्च फुकट, दुहेरी ॲक्रिलिकच्या (काचेसारख्या प्लॅस्टिकच्या) बघा. युरोपातली गाडी बघत असाल तर ईएन 1646 या मोटरहोमच्या युरोपीय मानकातला ग्रेड 3 विचारा, बाहेर उणे 15 असताना आत 20 अंश आणता येतं असा त्याचा अर्थ. ग्रेड 2 ची चाचणी बाहेर 0 अंशावरच होते, तेव्हा 'सर्टिफाइड आहे' एवढ्यावर मान डोलावू नका.

पाण्याची टाकी फरशीखाली उघड्यावर असेल तर ती गोठणार, पाइपांसकट. टाकी आत घ्या. लिथियम बॅटरीपण आतच, कारण 0 अंशाखाली चार्ज केली की ती कायमची खराब होते. घरगुती सिलेंडरच्या भरवशावर राहू नका, त्यातल्या ब्युटेनचा 0 च्या आसपास गॅस होणंच थांबतं.

गळती तपासायला मात्र आपल्यासारखी जागा नाही. जुलैत गाडी खानापूरवरनं धो-धो पावसाच्या कणकुंबीला न्या, रात्रभर पावसात उभी करा, आणि सकाळी व्हेंटच्या कडेला, खिडकीच्या रबराला, छतावरच्या सोलर पॅनेलच्या स्क्रूंपाशी आतून हात लावून बघा. तोवर बॉडीवाल्याचं शेवटचं पेमेंट देऊ नका.

डिझेलचं पण बघा. खालच्या मैदानात भरलेलं साधं डिझेल कडक थंडीत घट्ट होतं, इंजिनासकट हीटरही बंद पडतो. लडाखसाठी इंडियन ऑइलनं 2019 मध्ये उणे 33 पर्यंत पातळ राहणारं विंटर डिझेल आणलं, तिकडं जाणार असाल तर तिथल्या पंपावर पोचेपर्यंत टाकी रिकामी होत आली पाहिजे असा हिशोब करा, म्हणजे हे भरायला जागा राहते.