राज्यघटना वाचताना या चुका टाळा

स्पर्धा परीक्षेच्या मुलांना राज्यघटना शिकवताना दरवर्षी त्याच चुका दिसतात. मुलं नोट्स पाठ करतात, घटना उघडत नाहीत.

सगळ्यात महागात पडते ती दुरुस्त्या न बघता, त्यांच्या तळटिपा गाळून वाचण्याची सवय. माझ्या एका विद्यार्थ्याच्या घरची जमीन रस्त्यात जात होती. पोरानं रात्रभर जागून अर्ज लिहिला: कलम ३१ प्रमाणे संपत्ती हा आमचा मूलभूत हक्क आहे, कलम ३२ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात जाऊ. अक्षर सुरेख, मुद्दे क्रमवार. आधार मात्र रद्दीच्या दुकानातून आणलेल्या, आणीबाणीच्या आधी छापलेल्या पुस्तकाचा. मी आजची प्रत त्याच्यापुढे उघडली. कलम ३१ च्या जागी कंसात नुसता मथळा, आणि ४४ व्या घटनादुरुस्तीनं ते २० जून १९७९ पासून वगळल्याची नोंद. लगेच पुढे ३१क, ३१ख, ३१ग मात्र जागेवर. संपत्तीचा हक्क आता ३००क मध्ये आहे. घटनात्मक आहे, पण मूलभूत नाही. म्हणून त्यासाठी कलम ३२ चालत नाही, कलम २२६ खाली उच्च न्यायालयात जावं लागतं. तो बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिला. मग आम्ही दोघांनी बसून अर्ज नव्यानं लिहिला.

तेव्हापासून माझं बोट आधी तळटिपेवर जातं: दुरुस्ती कितवी, आणि लागू कधीपासून? दुरुस्तीचं वर्ष आणि अंमलाची तारीख एक समजू नका. शिक्षण हक्काचं कलम २१क आणणारी ८६ वी दुरुस्ती २००२ ची, अंमल १ एप्रिल २०१० पासून. हक्क सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा. २००२ मध्ये सहा वर्षांचं असलेलं मूल तोवर चौदाचं झालं होतं.

'सर, महत्त्वाच्या दुरुस्त्यांची एका पानाची यादी द्या.' मी देत नाही. ती ज्यानं त्यानं तळटिपांमधून काढावी. आठवडा जातो, पण डोक्यात पक्की बसते.

शेवटचं कलम ३९५, म्हणून एकूण कलमं ३९५ असं लिहू नका. जुने क्रमांक हलवायचे नाहीत म्हणून नवी कलमं अक्षर लावून मध्ये घातली जातात. पंचायती आणि नगरपालिका २४३ च्याच पोटात आहेत.

विधेयकाचा आणि दुरुस्तीचा क्रमांक वेगळा असतो. महिला आरक्षणाचं विधेयक १२८ वं, दुरुस्ती १०६ वी.

मराठी प्रतीतलं २१क, इंग्रजीतलं २१ए, वर्तमानपत्रातलं २१अ: तिन्ही एकच.

आणि १ मेच्या भाषणांत हमखास ऐकू येतं, 'घटनादुरुस्ती होऊन महाराष्ट्र झाला.' नाही. कलम ३ खाली संसद साध्या बहुमतानं राज्य बनवते, आणि असा कायदा कलम ३६८ खालची, म्हणजे रीतसर घटनादुरुस्ती धरायचा नाही, हे कलम ४ स्वच्छ सांगतं. १९६० चा मुंबई पुनर्रचना कायदा तसाच होता. गोवाही १९८७ मध्ये पुनर्रचना कायद्यानंच राज्य झालं. ५६ व्या दुरुस्तीनं त्याच्यासाठी ३७१झ घातलं, त्यात विधानसभेत किमान ३० सदस्य हवेत एवढंच आहे.