शेक्सपिअरच्या काळातलं नाटक जुन्या छापील पानावरून कसं वाचायचं

शेक्सपिअर वाचायचाय म्हणून लोक टीपांनी गच्च भरलेलं एडिशन घेतात आणि दुसऱ्या अंकापर्यंत पेंगायला लागतात. त्यापेक्षा एकदा त्या काळचा क्वार्टो उघडून बघा. अमेरिकेतल्या फोल्जर लायब्ररीचे स्कॅन ऑनलाइन फुकट बघायला मिळतात. क्वार्टो म्हणजे मोठा कागद दोनदा घडी घालून केलेलं छोटं पुस्तक.

पहिली दहा मिनिटं डोकं दुखेल, कारण एस हा एफसारखा दिसतो आणि शब्दाच्या सुरुवातीला यूच्या जागी व्ही असतो, पण मोठ्याने वाचलंत की पटकन सवय होते.

आधी मुखपृष्ठ बघा. 1594 च्या टायटस अँड्रॉनिकसवर लेखकाचं नावच नाही, पण तीन नाटक कंपन्यांची नावं मात्र आहेत, म्हणजे पुस्तक कशाच्या जोरावर खपवायचं होतं ते कळलंच.

मग कोण बोलतंय ते दाखवणारी नावं नीट बघा, माझ्या मते खरी मजा इथेच आहे. 1600 च्या मच अडू अबाउट नथिंगमध्ये चौकशीचा प्रवेश काढा (आजच्या एडिशनमधे अंक 4 प्रवेश 2, क्वार्टोत अंकबिंक काही छापलेलेच नाहीत). तिथे डॉगबेरी या पात्राच्या बऱ्याच वाक्यांआधी चक्क केम्प छापलंय आणि व्हर्जेसच्या जागी काउली. हे दोघं शेक्सपिअरच्या कंपनीतले नट, केम्प तर विनोदी नट म्हणून गाजलेला. लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर पात्र नव्हतंच, केम्प उभा होता, आणि ते पुसायचं राहिलं ते तसंच छापखान्यात गेलं.

रंगसूचना फारशा मिळणार नाहीत, त्या संवादातच शोधायच्या. ग्लोबमध्ये, म्हणजे शेक्सपिअरच्या कंपनीच्या लंडनमधल्या नाट्यगृहात, खेळ दुपारी, वर आकाश उघडं, आणि हॅम्लेट सुरू होतं मध्यरात्री. मग रात्र आणायची कशी? पहारेकरी एकमेकांना ओळखत नाहीत, कोण आहे म्हणून विचारतात, बारा वाजले म्हणतात, थंडी फार आहे म्हणतात, झाली रात्र. असं प्रत्येक प्रवेशात पेन्सिल घेऊन खुणा करत जा की हे वाक्य प्रेक्षकाला नक्की काय दाखवतंय.

त्यानंतर एकाच नाटकाच्या दोन छापील प्रती शेजारी ठेवा. हॅम्लेटच्या तर तीन आहेत: 1603, 1604-05 आणि 1623 चा फोलिओ, म्हणजे त्याच्या नाटकांचा मोठ्या आकाराचा संग्रह. 1603 ची सगळ्यात आखूड, तिच्यात पोलोनियसचं नाव कोरँबिस आहे आणि ते प्रसिद्ध स्वगत 'टु बी ऑर नॉट टु बी, आय देअर्स द पॉइंट' असं सुरू होतं (हा आय म्हणजे मी नाही, होकारार्थी आय, तेव्हा तो तसाच छापायचे). लोक या प्रतीला खराब म्हणून बाजूला टाकतात, मला नाही पटत. ओफीलिया केस सोडून, ल्यूट (एक तंतुवाद्य) वाजवत, गात येते ही सूचना फक्त हिच्यातच आहे, आणि आईच्या खोलीत येणारं भूत नाइटगाउन घालून येतं हेही इथेच. संवादांची मोडतोड आहे खरी, पण रंगमंच दिसतो तो याच पानांवर.

शेवटचं, हे चारपाच मित्र जमवून करा. तेव्हा नटाला पूर्ण नाटक मिळायचं नाही, फक्त स्वतःची वाक्यं आणि त्याआधी बोलणाऱ्याचे शेवटचे दोनचार शब्द, म्हणजे क्यू. त्या काळचा नट एडवर्ड ॲलिन याची, रॉबर्ट ग्रीनच्या 'ऑर्लँडो फ्युरिओसो' नाटकातल्या ऑर्लँडोच्या भूमिकेची अशी प्रत लंडनच्या डलिच कॉलेजात अजून जपून ठेवलीये. एखादा छोटा प्रवेश घेऊन तशाच पट्ट्या लिहा, एकमेकांना दाखवू नका आणि तालीम न करता उभे राहा. समोरचा किती वेळ बोलणार हे माहीत नसतं त्यामुळे कान टवकारून ऐकावंच लागतं, आणि तोच क्यू चुकून आधीच कानावर पडला तर मधेच तोंड घालता, भांडणाच्या प्रवेशात तर ते फारच खरं वाटतं.