प्लेनर-जॉइंटरच्या ब्लेडला घरी धार लावताय? आधी या चुका टाळा

प्लेनर आणि जॉइंटर म्हणजे लाकडाची फळी रंधून सपाट करणारी विजेची मशीन. यांच्या ब्लेडला धार लावणं हे सोपं काम आहे, अवघड आहे ते सगळी ब्लेड एकसारखी ठेवणं, आणि घोळ बहुतेक वेळा तिथंच होतो. ब्लेड नखावर पकडतंय, कागद सरसर कापतंय, तरी मशीनला लावल्यावर फळीवर लाटा येतात, मशीन थरथरतं, मग आपण म्हणतो धार नीट लागली नाही आणि परत घासत बसतो. कटर ब्लॉकमधे, म्हणजे ब्लेड बसवलेल्या फिरणाऱ्या रुळात, दोन किंवा तीन ब्लेड असतात, त्यातलं एक केसभर जरी वर राहिलं तरी फळीवरचा शेवटचा हात तेच मारतं, बाकीच्यांचं काम फळीवर दिसतच नाही. म्हणजे पैसे तीन ब्लेडच्या मशीनचे दिले आणि फिनिश एका ब्लेडचं मिळतंय.

पण धार लावायला बसायच्या आधी ब्लेड खरंच बोथट झालंय का ते बघा. पॅकिंगचं पाईनवुड स्वस्त मिळतं म्हणून पुण्यात घरी काम करणारे बरेच जण तेच वापरतात, आणि त्याचा चीक ब्लेडवर असा काही साठतो की धार असूनही ब्लेड घासत राहतं, फळी पुढे सरकत नाही, पृष्ठभाग भाजल्यासारखा काळपट होतो. प्लग काढून फडक्यावर रॉकेल नाहीतर थिनर घ्या, चीक पुसा, नीट वाळू द्या, टेबलवर थोडं मेण घासा आणि परत चालवून बघा. त्यानंतर ब्लेड उजेडात धरून कडेकडे बघा, धार असेल तर कड दिसतच नाही, बोथट झालेल्या जागी बारीक पांढरी चमकती रेघ दिसते.

दुसरी गोष्ट ब्लेडला पडलेल्या खाचांची. जुन्या वाड्यांचं सागवान फार सुंदर असतं, पण त्यात तुटलेले खिळे असतात, वरून काही दिसत नाही आणि एक खिळा लागला की फळीवर लांबच्या लांब उंचवट्याची रेघ यायला लागते. चुंबक किंवा छोटा मेटल डिटेक्टर फिरवल्याशिवाय जुनं लाकूड मशीनमधे घालू नका. आणि प्लायवुड, एमडीएफ तर नकोच, त्यातला डिंक धार खातो. पण एखादी बारीक खाच पडली म्हणून सगळी ब्लेड मिलिमीटरभर झिजवू नका. ब्लेड बाजूला सरकवता येत असेल तर एकच ब्लेड १-२ मिमी डावीकडे किंवा उजवीकडे सरकवा, एकाची खाच दुसरं ब्लेड झाकतं, रेघ गायब.

आता सगळ्यात महाग पडणारी चूक, ती म्हणजे बेंच ग्राइंडरवर, म्हणजे मोटरवर फिरणाऱ्या दगडावर, हातानं धरून धार लावणं. छिन्नीला चालतं म्हणून इथं चालेल असं वाटतं. १२-१३ इंच लांबीचं ब्लेड हातानं सरळ रेषेत फिरवणं शक्यच नाही, मधे पोट येतं नाहीतर टोकं खाली जातात, आणि कार्बन स्टीलचं ब्लेड गरम होऊन निळं पडलं की तिथली कठीणता गेलीच, ती धार दोन फळ्यांतच बसते. एचएसएस (हाय-स्पीड स्टील) जास्त उष्णता सोसतं, पण वाकडेपणा त्यालाही सुटत नाही. खोल खाचा असतील तर पुण्याजवळच्या भोसरी एमआयडीसीत टूल ग्राइंडिंग करून देणाऱ्यांकडे जा, ते ब्लेडवर पाणी सोडत सरफेस ग्राइंडरवर, म्हणजे सपाट घासणाऱ्या मशीनवर, धार लावून देतात. देताना पूर्ण सेट एकत्र द्या आणि स्पष्ट सांगा की सगळ्यांची रुंदी सारखी पाहिजे, घरी आणल्यावर व्हर्नियरनं (बारीक मापं घ्यायच्या साधनानं) दोन्ही टोकांना आणि मधे मोजा, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ब्लेड तोलून पण बघा. वजनात फरक राहिला तर थरथर त्यातूनच येते.

खाचा नसतील तर घरी काम होतं. काचवाल्याकडून जाड फ्लोट ग्लासचा तुकडा आणा, पुण्याच्या बोहरी आळीतून वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर) घ्या, ३२०, ६००, १००० आणि २००० नंबर. पेपर पाणी मारून काचेवर चिकटवा. कोन धरायला लाकडाचा ठोकळा करा, त्यात ब्लेडच्या कोनानुसार तिरकी खाच कापून ब्लेड घट्ट बसवा, म्हणजे उतार, म्हणजे धारेची तिरकी बाजू, पेपरवर सपाट टेकेल. बहुतेक ब्लेडचा कोन ३५ ते ४५ अंशांच्या मधे असतो, जो आहे तोच ठेवा, जास्त धारदार होईल म्हणून कमी करू नका, पातळ कड लवकर तुटते. उतारावर मार्करनं रंग लावा आणि दोन हात फिरवून बघा, रंग जिथं राहिला तिथं पेपर लागतच नाहीये, मग ठोकळा सुधारा. एका ब्लेडला जितके हात मारले तितकेच दुसऱ्याला, त्याच पेपरवर.

मागच्या बाजूला बर (घासताना वळलेली धातूची बारीक कड) येतो, बोटानं जाणवतो. तो काढायला ब्लेडची पाठ २००० च्या पेपरवर पूर्ण सपाट ठेवून चार-पाच हात फिरवा, तिरकं करू नका. बर तसाच ठेवला तर तो पहिल्या फळीत मोडतो आणि धार सोबत घेऊन जातो.

ज्या मशीनमधे पिनवर बसणारी पातळ, दोन्हीकडून वापरायची ब्लेड आहेत त्यांचं गणित वेगळं आहे. तिथं उंची ॲडजस्टच होत नाही, जितकं घासलं तितकं ब्लेड खाली बसतं, म्हणून हलक्या हातानं एक-दोनदा पेपर मारा, तोही सगळ्यांना अगदी सारखा, त्यानंतर नवीनच घ्या. हातातल्या ८२ मिमी प्लेनरची कार्बाइड ब्लेड वॉटर पेपरला दाद देत नाहीत, डायमंड प्लेट लागते, त्यापेक्षा उलटी करा नाहीतर बदला.

पूर्ण सेट बाहेर धारेला द्यायचा नसेल तर सगळी ब्लेड एकदम काढू नका, एक काढा, बसवा, मग दुसरं. जाड चामड्याचे हातमोजे घाला, ब्लॉक फिरू नये म्हणून लाकडाची पाचर मारा, प्लग काढलेलाच असू द्या. बोल्ट मधल्यापासून बाहेर, थोडे थोडे, दोन-तीन फेऱ्यांत आवळा, कारण एकच बोल्ट पूर्ण आवळला की ब्लेड वर चढतं. जॉइंटरवर एक सरळ पट्टी आउटफीड टेबलवर, म्हणजे ब्लेडच्या पुढे फळी बाहेर येते त्या टेबलवर, ठेवून ब्लॉक हातानं फिरवा, ब्लेड पट्टीला २-३ मिमी पुढे ओढेल, हे अंतर प्रत्येक ब्लेडला आणि दोन्ही टोकांना सारखं आलं पाहिजे. फळीच्या शेवटी खड्डा पडत असेल तर आउटफीड टेबल ब्लेडपेक्षा खाली आहे, फळी टेबलच्या कडेला अडत असेल तर वर आहे. धार लावल्यावर उंची बदलते, त्यामुळे हे दर वेळी तपासावंच लागतं.

पावसाळ्यात काढलेली ब्लेड तेलाचा हात फिरवून कागदात गुंडाळून ठेवा, जूनमधे नुसती ठेवली की गंज येतो. आणि नवीन बसवलेल्या ब्लेडवर पहिली फळी घालण्याआधी मशीन बाजूला उभं राहून एक मिनिट रिकामं चालवा, बंद करा, प्लग काढा, ब्लॉक पूर्ण थांबू द्या आणि सगळे बोल्ट परत एकदा आवळून बघा.